नवी पेठेतील वाहनतळाचा विषय

सोलापूरच्या नवी पेठेलगतचे जुने गाळे पाडून तेथे बहुमजली व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे आला, तेव्हा त्याच्या वाहनतळाचा आराखडा करणाऱ्या खासगी कार्यालयातील अभियंता म्हणून सादरीकरणासाठी मी सभागृहात उपस्थित होतो. संकुलाला कोणाचा फारसा विरोध नव्हता. गाड्या कुठे लावायच्या, एवढ्याच प्रश्नावर विषय अडला होता.

बहुतेक सदस्यांचा कल दोन मजली तळघराकडे होता. कागदावर ते सुटसुटीत दिसते. पण एकास दहा उताराने तीन मीटर खाली जायचे म्हटले तरी ३० मीटर लांबीचा उतार लागतो आणि पेठेतल्या अरुंद भूखंडात त्या उतारालाच इतकी जागा जाते की गाड्यांसाठी फारसे काही उरत नाही. यांत्रिक वाहनतळाचीही सूचना आली. मात्र अशी यंत्रणा प्रामुख्याने मोटारींसाठी असते आणि आमच्या पेठेत दुचाकींचे राज्य आहे. एका मोटारीसाठी अडीच बाय पाच मीटर जागा धरली, तर तेवढ्यात सहा दुचाकी मावतात, हे साधे गणित मला तेथे दोनदा मांडावे लागले. होम मैदान जवळच आहे, तेथे सोय करावी, असेही कोणी सुचविले. त्यावर संक्रांतीला त्याच मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरल्यावर काय करणार, असा प्रश्न मागच्या बाकांवरून लगेच आला.

खरा वाद पेटला तो आमच्या मोजणीवरून. आमची मुले दर अर्ध्या तासाने त्याच रस्त्यावरून फिरून उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे टिपत असत. एकच क्रमांक किती फेऱ्यांत पुन्हा येतो हे पाहिले की ती गाडी किती वेळ उभी होती ते कळते. दुकानांसमोरच्या मोक्याच्या जागा सकाळी शटर उघडतानाच भरत होत्या आणि रात्री शटर पडेपर्यंत त्याच गाड्या तेथे दिसत होत्या. त्या गाड्या दुकानदारांच्या आणि त्यांच्याकडील कामगारांच्या होत्या. दहा तास अडलेल्या एका जागेवर अर्ध्या तासाच्या खरेदीला आलेली वीस गिऱ्हाइके पाळीपाळीने गाडी लावू शकतात. त्यामुळे केवळ नव्या जागा बांधल्या तर त्याही सकाळीच भरतील, म्हणून दुकानांपुढे दिवसभर गाड्या नकोत आणि तासाच्या हिशोबाने पैसे घ्यावेत, असे मी सांगितले.

स्वतःचे कापडाचे दुकान असलेले आणि सभागृहात सगळे ज्यांना मालक म्हणतात, असे एक ज्येष्ठ नगरसेवक त्यावर उठले. ते रागावतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या यादीत माझीबी गाडी असंल की. सकाळी लावतो ते रात्रीच काढतो. दुकानापुढं नको म्हणता, मग काय डोक्यावर घेऊन बसू?" सभागृहात हशा पिकला, पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आमच्या आराखड्यात त्याचे नीट उत्तर नव्हते, कारण आम्ही सगळी मांडणी गिऱ्हाइकाच्या बाजूने केली होती.

त्याहून अडचणीचा मुद्दा एका नगरसेविकाबाईंनी काढला. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, शिवाय सीमेपलीकडचे इंडी आणि अफझलपूर येथून लोक सोलापूरला बस्ता बांधायला येतात. सोबत जीपभर भावकी असते आणि शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोप्यांपर्यंत सगळे घेऊन होईस्तोवर दुपार टळते. अशा कुटुंबाला तासाच्या हिशोबाने पैसे लावले तर ते उद्या दुसऱ्या गावाला जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. वाहतुकीच्या अभ्यासात जास्त वेळ थांबणारी गाडी ही डोकेदुखी मानली जाते; पेठेच्या दृष्टीने मात्र तेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. मला हा त्या दिवसातला सर्वांत मोलाचा आक्षेप वाटतो.

बऱ्याच चर्चेनंतर उपसूचनेसह विषय मंजूर झाला. तळघर एकाच मजल्याचे राहील, तळमजला दुचाकींसाठी असेल, व्यापारी व कामगार यांना मासिक पासावर वरच्या मजल्यावर जागा मिळेल आणि बस्त्याच्या जीपगाड्या माणसे उतरवून पेठेबाहेर उभ्या राहतील, असे ठरले. मालकांनी वरच्या मजल्याला मान्यता दिली, पण लिफ्ट बंद पडता कामा नये, हे त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घेतले.

दर किती असावेत, यावर मात्र एकमत झाले नाही. लग्नसराईतल्या रविवारी पुन्हा मोजणी करून त्याचे आकडे पुढील सभेपुढे ठेवावेत, असे आम्हाला सांगण्यात आले आणि त्या तक्त्यात बाहेरगावच्या जीप व टेम्पोंचा रकाना वेगळा ठेवावा, ही सूचनाही त्या बाईंनीच केली.