हळदीच्या पानातले मोदक

आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, वेंगुर्ल्याचे. आमच्या घरी गणपती नसतो, पण चतुर्थीला दुपारी शेजारच्या काकींचा डबा ठरलेला. हळदीच्या पानावर वाफवलेले मोदक. झाकण काढलं की ओसरीपर्यंत वास. आई डबा घ्यायची, देवाचे आभार मानायची आणि आम्हाला वाढायची. नाताळात त्याच डब्यातून आमच्या नेवऱ्या काकींकडे जायच्या. यात वाद घालण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नाही.

पाच वर्षांपूर्वी चतुर्थीला आमच्या तरुण संघातली एक मुलगी घरी आली होती. बाप्तिस्मा होऊन जेमतेम सहा महिने झालेले. मी तिच्यापुढे बशी ठेवली. तिने विचारलं, "ताई, नैवेद्याचा आहे ना?" मी म्हटलं, "अगं, मूर्ती म्हणजे काहीच नाही, पौलानेच लिहिलंय. खा बिनधास्त."

तिने मोदकाचं टोक मोडलं, एक घास तोंडात घातला आणि तिथेच थांबली. चून, म्हणजे आतलं गूळखोबरं, बोटांना चिकटलं होतं. म्हणाली, "आमच्याकडे एकवीस मोदक मीच वळायचे. पहिला त्याच्यापुढे ठेवायचा. यंदा कोणी वळले असतील?" मग हात धुवायला म्हणून विहिरीवर गेली ती बराच वेळ आलीच नाही. पुढचे दोन रविवार उपासनेलाही दिसली नाही.

मी बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा काढलं. आपल्या मराठी शास्त्रात आठव्या अध्यायात 'नैवेद्य' हाच शब्द आहे. मूर्ती काही नाही, हे माझं म्हणणं पौलालाही मान्य आहे. पण सातव्या वचनात तो सांगतो की हे ज्ञान सगळ्यांच्या ठायी नाही. काहींना आजवरची सवय असते, त्यांचं मन विटाळतं. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातला माणूस माझ्या ओसरीवर बसलेला मला ओळखता आला नाही. माझ्यासाठी तो गूळखोबऱ्याचा मोदक होता. तिच्यासाठी त्यात अख्खं माहेर होतं, आणि ते तिला नुकतंच तुटलं होतं.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही खा ताई. फक्त मला खा म्हणू नका."

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोन्ही बाजूंना हेच सांगतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. आमच्या मंडळीत दुसरी बाजूही आहे. प्रसाद घेणारा विश्वासातून ढळला, असं एक ज्येष्ठ सभासद उघड बोलायचे. मृदंगावर भजन नको, ते देवळातलं, असंही काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म 1861 चा. अभंगाची, भजनाची वाट त्यांनी आपल्याला रुळवून दिली. तरीही कोणी भजनाला उठून बाहेर गेलं तर मी आता मागून कुजबुजत नाही.

मात्र 'ज्याचं त्याचं मत' ही चादर सगळ्यावर पांघरायची नसते. लग्न ठरवताना आधीची जात विचारणारे, हुंड्याला 'भेट' म्हणणारे आपल्यातही आहेत. तिथे मी गप्प बसत नाही, बसणारही नाही. मोदक आणि हुंडा एका तागडीत कसे तोलायचे?

ती मुलगी आता चतुर्थीला मुद्दाम आमच्याकडे येते. त्या दिवशी तिला एकटं राहवत नाही. ती असली की मीही मोदक खात नाही, डबा झाकून ठेवते. काकींनी एकदा कारण विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. वाईट वाटेल अशी भीती होती. त्या नुसत्या "बरा" म्हणाल्या.

यंदा काकी दोन डबे घेऊन आल्या. छोटा माझ्या हातात देत म्हणाल्या, "ह्यो तेच्यासाठी. निवेद दाखवच्या आदी काढून ठेवलंय."

तिने दोन खाल्ले. तिसरा मी खाल्ला.