एका ओळीचे दरपत्रक आणि बत्तीस कोर

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळतो. २०२५ च्या जुलैत विक्री, साठा आणि उत्पादनखर्च यांचे अहवाल आमच्याच सर्व्हरवर चालवायचे ठरले. ग्राहकांची ड्रॉइंग आणि भावांचे हिशेब कारखान्याच्या आवाराबाहेर जाऊ नयेत, ही आमच्या शेठांची अट होती आणि ती मला पूर्णपणे पटलेली होती. निवड मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरची झाली, म्हणजे अहवाल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवून इतरांना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. १८० दिवसांची चाचणी आवृत्ती बसवली, तिघांनी अहवाल तयार केले आणि साठ जण ते पाहू लागले. येथवर सांगण्याजोगी अडचण आली नाही. ती आली परवान्याची किंमत विचारल्यावर.

हे सॉफ्टवेअर सुटे विकत मिळत नाही, हे मला पहिल्या दिवशी कोणी स्पष्ट सांगितले असते तर माझा निम्मा मनस्ताप वाचला असता. ते वापरण्याचा हक्क दुसऱ्या एखाद्या परवान्याबरोबर येतो. त्या वेळी स्वतःच्या सर्व्हरवर चालवू पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना एकच व्यवहार्य मार्ग होता, तो म्हणजे एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच डेटाबेस सॉफ्टवेअरची एंटरप्राइज ही महागडी आवृत्ती आणि तिच्यासोबत सॉफ्टवेअर अश्युरन्स. हे अश्युरन्स म्हणजे नव्या आवृत्त्या आणि काही जादा हक्क देणारी जोड असून तिचा वार्षिक खर्च परवान्याच्या किमतीच्या साधारण पाव असतो. ती परवाना घेतानाच घ्यावी लागते. जुना परवाना पडून आहे आणि त्याला आज ही जोड लावू, असे करता येत नाही. अहवाल पाहणाऱ्यांना वेगळा परवाना लागत नाही, मात्र ते तयार करून सर्व्हरवर चढवणाऱ्या प्रत्येकाला पॉवर बीआय प्रो हा मासिक परवाना लागतो आणि त्याची जाहीर किंमत १ एप्रिल २०२५ पासून माणशी दरमहा १० डॉलरवरून १४ डॉलर झालेली आहे.

आता त्या दरपत्रकाविषयी. शहरातील एका परवाना-विक्रेत्याकडे मी चौकशी केली आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्याकडून जे दरपत्रक आले त्यात एकच ओळ होती: रिपोर्ट सर्व्हर परवाना, नग एक, आणि पुढे अठरा टक्के जीएसटी धरून एक ठोक रक्कम. एवढ्या पैशात नवी सीएनसी यंत्रे येतील, असे शेठ म्हणाले आणि ते खरेच होते. मी त्याच दिवशी पत्र लिहून रकमेची फोड मागितली. उत्तरात तेच दरपत्रक पुन्हा आले, फक्त वरची तारीख बदललेली. दूरध्वनी केला की समोरचा प्रतिनिधी नम्रपणे ‘थई जशे, साहेब’ (होऊन जाईल, साहेब) म्हणायचा आणि पुढचा आठवडा तसाच निघून जायचा. मग नवरात्र आले आणि संध्याकाळी पाचनंतर कोणी फोन उचलेना. पाठोपाठ दिवाळी आली आणि लाभपाचमेपर्यंत, म्हणजे गुजरातेत दिवाळीनंतर व्यवहार पुन्हा सुरू होतात त्या दिवसापर्यंत, कार्यालय बंद राहिले. सणांबद्दल माझी तक्रार नाही, आमचा कारखानाही त्या दिवसांत बंदच असतो. माझी तक्रार त्याआधी वाया गेलेल्या आठवड्यांबद्दल आहे, कारण चाचणी आवृत्तीचे दिवस मात्र कोणासाठी थांबत नव्हते आणि ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडणार होती. साठ माणसांना रोज सकाळी अहवाल पाहण्याची सवय लावून झाल्यावर तो अचानक नाहीसा होणे म्हणजे काय, हे ज्याच्या टेबलावर त्यांचे फोन येतात त्यालाच कळते.

शेवटी रकमेची फोड मी स्वतःच केली. आमच्या सर्व्हरला दोन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येकात सोळा कोर, म्हणजे प्रत्यक्ष गणना करणारे भाग, एकूण ३२. एसक्यूएल सर्व्हरचे कोर-परवाने दोन-दोनच्या जोडीने विकले जातात आणि २०२२ च्या एंटरप्राइज आवृत्तीची जाहीर किंमत जोडीला १५,१२३ डॉलर होती. सोळा जोड्यांचे २,४१,९६८ डॉलर होतात. त्यात अश्युरन्स आणि कर मिळवला की विक्रेत्याच्या रकमेच्या अगदी जवळ पोहोचता येत होते. त्यांनी संपूर्ण यंत्राचा परवाना धरला होता, हे तेव्हा उघड झाले. पण आमचा रिपोर्ट सर्व्हर त्या यंत्रावरील केवळ चार कोर दिलेल्या एका व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर, चालत होता. अश्युरन्स घेतलेले असेल तर केवळ तेवढ्या मशीनचा परवाना घेता येतो आणि त्याची किमान मर्यादा चार कोर आहे. म्हणजे दोन जोड्या पुरत होत्या, त्यांची किंमत ३०,२४६ डॉलर, सोळा जोड्यांच्या बरोबर एक-अष्टमांश.

न्यायाने बोलायचे तर संपूर्ण यंत्राचा परवाना घेणे ही चूक नव्हे. ज्यांना एकाच यंत्रावर कितीतरी डेटाबेस चालवायचे आहेत त्यांना तोच सोयीचा पडतो. पण आमची गरज काय, हे न विचारता तो पुढे करणे आणि विचारल्यावरही दहा आठवडे फोड न देणे, हे मला आजही मान्य नाही. लाभपाचमेनंतर मी एका कागदावर तीन प्रश्न लिहून त्या कार्यालयात गेलो. आवृत्ती कोणती, कोर किती आणि ते कोणत्या यंत्राचे, अश्युरन्स धरले आहे की नाही. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत मी तेथेच बसून राहिलो. ते पाऊण तासात मिळाले. माझे सांगणे एवढेच आहे की हे तीन प्रश्न भाव विचारण्यापूर्वी लेखी विचारावेत आणि त्यांची उत्तरे येईपर्यंत सवलतीची बोलणी सुरूच करू नयेत.

त्यानंतर १८ नोव्हेंबरला एसक्यूएल सर्व्हर २०२५ आला आणि गणित पुन्हा बदलले. या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरची रिपोर्टिंग सर्व्हिसेस ही जुनी अहवाल-प्रणाली पुढे चालवलेली नाही, तिची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरने घेतली आहे आणि त्याचा हक्क स्टँडर्ड या स्वस्त आवृत्तीबरोबरही मिळतो. ही बातमी मला विक्रेत्याकडून कळली नाही, मीच वाचली. एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या स्टँडर्डची जाहीर किंमत जोडीला ३,९४५ डॉलर होती, म्हणजे चार कोरांचे ७,८९०. आम्ही डिसेंबरात अश्युरन्ससह स्टँडर्ड घेतले. विलंब आमच्या पथ्यावर पडला हे खरे, पण त्याचे श्रेय मी त्या कार्यालयाला देणार नाही.

स्टँडर्ड घेताना लेखाप्रमुखांनी एक योग्य प्रश्न विचारला होता, तो येथे नोंदवतो. ही आवृत्ती कोरांऐवजी एक सर्व्हर-परवाना आणि माणशी एक कॅल (वापरणाऱ्याचा परवाना) अशाही पद्धतीने मिळते. २०२२ च्या आवृत्तीसाठी सर्व्हरचे ९८९ आणि कॅलचे सुमारे २३० डॉलर होते. अहवालाच्या आडून डेटाबेस पाहणाऱ्यालाही कॅल लागतो, त्यामुळे आमच्या साठ जणांचे १४,७८९ डॉलर झाले असते. वापरणारे साधारण तिसाच्या आत असतील तरच ही पद्धत स्वस्त पडते.

चाचणी आवृत्तीवरून प्रत्यक्ष स्थलांतराला दीड दिवस लागला. त्याआधी साठवलेली गुप्त माहिती उलगडणाऱ्या एन्क्रिप्शन कीची प्रत काढून ठेवली होती. ती नसती तर डेटाबेसला जोडणारे साठवलेले सगळे पासवर्ड पुन्हा भरावे लागले असते. आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली: अहवाल तयार करण्यासाठी पॉवर बीआय डेस्कटॉप या अहवाल बांधण्याच्या प्रोग्रामची रिपोर्ट सर्व्हरसाठीची वेगळी आवृत्तीच वापरावी लागते. आमच्या एका सहकाऱ्याने नेहमीच्या डेस्कटॉपवर केलेले चार अहवाल सर्व्हरवर चढलेच नाहीत आणि त्याला ते पुन्हा बांधावे लागले. जीएसटीचे बिल कंपनीच्या क्रमांकासह मागून घेतले असून कराची वजावट लेखा विभागाने घेतली आहे. अश्युरन्स संपण्याची तारीख मी त्यांच्याच नोंदवहीत लाल शाईने लिहवून घेतली आणि तिच्या चार महिने आधीच्या पानावर ते तीन प्रश्न उतरवून ठेवले आहेत.