तिथी पाहून धावणे

गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळी धावायला जायचे असेल, तर गजर लावण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहावे लागते. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, हे गणित किनारपट्टीवरच्या बहुतेक घरांत कोणा ना कोणाला तोंडपाठ असते. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली तर उत्तर सव्वाअकरा येते. म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, आणि उजाडता उजाडता आपण पोहोचतो तेव्हा पाणी बरेच आत गेलेले असते. अष्टमीला हेच उत्तर सहा येते आणि नेमक्या आपल्या वेळेला भरती लागते. गणित ढोबळ आहे, पण रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकणाऱ्या समुद्राशी जुळवून घ्यायला तेवढे पुरते. शहरातल्या धावपटूंचे वेळापत्रक आठवड्यावर चालते, आमचे पंधरवड्यावर चालते, आणि हौसेने धावणाऱ्याला याहून चांगली शिस्त मिळेल असे मला वाटत नाही. कारण कोणत्या दिवशी किती धावायचे याचा निम्मा निर्णय आपल्या हातात राहतच नाही.

ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली पट्टी हे आमचे मैदान. वाळूच्या कणांमध्ये अडकलेले थोडे पाणी कणांना एकमेकांशी धरून ठेवते, त्यामुळे पाऊल जेमतेम उमटते आणि जमीन पायाला उलट साथ देते. तिथून दहा-वीस पावले वर, सुरूच्या बनाकडे सरकले की कोरडी भुसभुशीत वाळू लागते. तशा वाळूत धावायला कठीण जमिनीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक शक्ती खर्च होते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. पोटऱ्यांना मात्र ते न मोजताही कळते. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असल्याने एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. म्हणून जितके जायचे तितकेच परत यायचे, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटून जातो. सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या आणि जवळपास सरळ असलेल्या या किनाऱ्यावर ते सहज जमते.

बूट घालायचे की अनवाणी धावायचे, या वादाचा आमच्या गटात अजून निकाल लागलेला नाही. अनवाणी धावण्यासाठी ओळखले जाणारे शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली होती, हे अनवाणी पक्षाचे हुकमी पान. ते खरेच आहे, पण फुटक्या शिंपल्याची कड टाचेला लागली की हाच पक्ष आधी लंगडतो. मी बूटवाली आहे. खाऱ्या पाण्याने बुटांचे आयुष्य कमी होते, ते दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे लागतात, आणि पावसाळी हवेत चार दिवस वाळत नाहीत, हा खर्च मी मान्य केलेला आहे.

मनगटावरच्या घड्याळाचे मात्र आमच्याकडे फारसे चालत नाही. हवेत इतका दमटपणा असतो की घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. पुण्याहून आलेले पाहुणे पहिल्या दोन किलोमीटरनंतर आकड्याकडे पाहून खट्टू होतात. त्यांना घरी नेऊन पाण्यात कोकमाचे आगळ घालून द्यावे, आगळात मीठ असतेच. तसेही या खेळातले आकडे फार पवित्र मानण्याचे कारण नाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरचा राजवाडा आणि स्टेडियममधला राजघराण्याचा कक्ष यांच्या सोयीने ठरले आणि १९२१ मध्ये ते कायमचे झाले. आमच्यातले काही जण जानेवारीत मुंबईच्या शर्यतीला जातात आणि पदक गळ्यात घालून परततात. मला त्याचे कौतुक आहे, हेवा नाही.

आकड्यांची खरी गरज असते ती पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि लागलेल्या वेळेवर गुण. ही मुले आमच्याआधी आलेली असतात, वाळूत काठीने रेषा ओढून धावतात आणि दम खात असताना "मॅडम, जरा वेळ लावा ना" म्हणून मोबाइल माझ्या हातात देतात. आम्ही गंमत म्हणून जे करतो त्यावर त्यांचे घर उभे राहायचे असते. त्यामुळे त्यांच्या रेषेमधून आम्ही कुणीही धावत नाही. हा नियम कोणी केलेला नाही, पण सगळे पाळतात.

दुसरा अलिखित नियम कासवांचा. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले माद्या रात्री अंडी घालायला वर येतात आणि सकाळी त्यांचा माग दिसतो: मध्ये पोट घासल्याची रुंद पट्टी, दोन्ही बाजूंना वल्हवल्यासारखे आडवे फराटे. तो दिसला की थांबायचे, तुडवायचा नाही आणि कासवमित्राला फोन करायचा. घरटे हलवायचे असेल तर ते काम त्याचे. ओहोटीच्या पट्टीवर बारक्या खेकड्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मात्र पायाखाली जातेच, कारण ती चुकवायची तर धावणेच बंद करावे लागेल.

जूनमध्ये हे सगळे संपते. लाटा वाळू ओढून नेतात, किनारा अरुंद होतो, आणि आम्ही शृंगारतळीच्या रस्त्याने चढाला लागतो. तिथे गावाशी खरी गाठ पडते. भर पावसात पळणारी मध्यमवयीन बाई पाहिली की रिक्षा थांबतेच. "वहिनी, गाडी सुटली काय? चला, सोडतो." नाही म्हटले तर पुढचा प्रश्न, "मग घरी काय झालं?" काहीही झालेले नाही, आवडते म्हणून पळते, हे उत्तर अजून कोणाला पुरते पटलेले नाही, मात्र आता तोच रिक्षावाला समोरून येताना दिवे मंद करतो आणि खड्डा कोणत्या बाजूला आहे ते हाताने दाखवतो. चढ संपल्यावर सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळी माळावरचा, वारा सुरू होतो, कातळावर पाणी साचलेले असते, आणि समुद्र खाली कुठेतरी नुसता ऐकू येतो. नवरात्राच्या सुमारास वाळू पुन्हा भरू लागते. तोपर्यंत तिथीचे गणित कोणी करत नाही, फक्त छत्र्या आणि कुत्री चुकवायची असतात.