तुम्ही विचारलंत म्हणून : नील गप्प का राहिला?

क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’ या हेरपटाचा (२०२०) विषय निघाला की मला हे हमखास विचारलं जातं. यात माणसं काळात उलटी फिरू शकतात, आणि नील हा बिननावाच्या नायकाचा साथीदार. नीलला सगळं आधीपासून ठाऊक होतं, मग त्यानं नायकाला सांगून का टाकलं नाही?

त्याला ठाऊक होतं हे तर पहिल्याच भेटीत कळतं. मुंबईत दोघं समोरासमोर बसतात आणि नील त्याला न विचारताच त्याच्यासाठी डाएट कोक मागवतो. मला सोडा आवडतो, असं नायक सांगून बघतो. नील ते साफ खोडून काढतो. अनोळखी माणसाची आवड इतक्या खात्रीनं कोण सांगतं? नील झालेल्या रॉबर्ट पॅटिन्सननं ते इतकं सहज केलंय की पहिल्यांदा पाहताना ते निसटूनच जातं.

न सांगण्याचं एक कारण हेरगिरीतलं आहे. टॅलिनमध्ये खलनायक सॅटर काचेपलीकडे स्वतःच्या बायकोला, कॅटला, ओलीस धरून नायकाला बोलतं करतो आणि मिळालेली माहिती घेऊन काळात उलटा फिरतो. अशा लढाईत आज तोंडातून गेलेला शब्द शत्रूला काल कळलेला असतो. मग ज्याला काहीच माहीत नाही, त्याच्याकडून काढणार काय? नायक नीलवर फितुरीचा आळ घेतो, तेव्हाही तो खुलासा करत नाही. संशय पत्करतो. मला नील सगळ्यात जास्त आवडतो तो इथे. (उलट बाजू प्रियाची, नायकाला मदत करणाऱ्या मुंबईतल्या शस्त्रविक्रेतीची. कॅटला नको तेवढं कळलंय, एवढ्यासाठी ती तिला संपवायला निघते.)

पण खरं सांगू? मला वाटतं हा प्रश्न नीलऐवजी नायकाला विचारायला हवा.

शेवटची लढाई होते त्या स्टाल्स्क-१२ या शहराच्या भुयारात बंद जाळीपलीकडे एक मुखवटाधारी सैनिक मरून पडलेला असतो. काळाच्या उलट्या प्रवाहात तो उठतो, नायकावर झाडलेली गोळी अंगावर घेतो, दार उघडतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीला लाल दोरा असतो. लढाई संपल्यावर निरोप घेऊन नील वळतो आणि तोच दोरा नायकाला त्याच्या पिशवीवर दिसतो. म्हणजे भुयारात मेलेला तो सैनिक नीलच, आणि तो आता तिकडेच निघालाय. नायक झालेल्या जॉन डेव्हिड वॉशिंग्टनचे डोळे भरून येतात. इथे पारडं फिरतं. आता शेवट माहीत असलेला माणूस नायक आहे, आणि तो नीलला अडवत नाही.

नीलला या कामात आणणाराही तोच, फक्त ते अजून व्हायचंय. म्हणजे पुढे कधीतरी तो तरुण नीलसमोर बसेल, त्याच्याशी मैत्री करेल, त्याला घडवेल, आणि तो कुठल्या दारामागे मरणार हे पहिल्या दिवसापासून मनात ठेवेल. ती वर्षं चित्रपट दाखवत नाही. नीलचं मौन मला समजतं, त्याला हेतू आहे, माया आहे. नायकानं ते मौन इतकी वर्षं कसं पेललं असेल, यावर मात्र मी अजून अडून आहे.