बे लॉरेलची कलमं: मुळांची वाट पाहताना

कुंडीत बे लॉरेल (ज्याची सुगंधी पानं स्वयंपाकात वापरतात ते सदाहरित झाड) सांभाळणं सोपं, असं सगळे सांगतात. वाढलेल्या झाडाबाबत ते खरंही आहे. पण फांदी लावून नवीन रोप करायचं, तर मुळं फुटेपर्यंतचा काळ जीव काढतो, आणि त्याबद्दल कुणी धड काही सांगत नाही.

फांद्या उन्हाळा सरता सरता घेतल्या. त्याच वर्षीची वाढ, शेंडा लवचीक पण बूड कडक झालेलं, लांबी १०-१५ सेंटीमीटर. पेराखाली काप, रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारी पावडर), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), वर पारदर्शक पिशवी. एका दुपारचं काम.

मग काहीच घडत नाही. पुदिन्याची काडी आठवड्याभरात पाण्यात मुळं सोडते, ही मात्र महिनोन् महिने तशीच उभी. सगळ्यात संताप येतो तो पानांचा. ती इतकी जाड आणि चिवट असतात की मुळं नसतानाही हिरवीगार राहतात. त्यामुळे हिरवेपणावरून काही म्हणजे काही कळत नाही. वर कोंब फुटला तरी हुरळून जाऊ नका. फांदीतल्या साठ्यावरही तो फुटतो. खाली कापाशी आधी पांढरट गाठ धरते आणि तिथेच गाडी अडून बसते. हे माहीत असूनही दर सकाळी फांदी उपटून पाहायचा मोह होतोच. हात आवरा, कारण कोवळं मूळ पहिल्याच ओढीत तुटतं. कुंडीच्या तळाच्या भोकातून मूळ बाहेर डोकावलं की तोच पुरावा. या काळात बुडाला ऊब मिळाली तर फरक पडतो, आणि माती ओलसर हवी, चिंब नको. माझ्या बऱ्याच फांद्या काळ्या पडून गेल्या. ज्या जगल्या त्यांचा मला फार अभिमान आहे.

इतका धीर नसेल तर सरळ गुटी कलम करा, म्हणजे झाडावरच फांदीची साल थोडी काढून तिथे ओलं शेवाळ बांधून मुळं फुटू द्या. फांदी झाडालाच जोडलेली असल्यामुळे मुळं येईपर्यंत तिचं पोषण चालू राहतं.

पुढचं सगळं सुरळीत. निचरा चांगला हवा. पाणी साचलं की पानं पिवळी पडतात. कुंडी दर दोन वर्षांनी थोडीच मोठी करायची. एकदम मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओली राहून कुजते. छाटणी उन्हाळ्यात, आणि सिकेटरने (छाटणीच्या लहान कात्रीने) एकेक फांदी धरून. मोठ्या कात्रीने अर्धवट कापलेली पानं कडेने तपकिरी होतात. कडाक्याच्या थंडीत कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा, कारण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते.

पिशवीचं सांगायचं राहिलं: ती अधूनमधून उघडून हवा खेळू द्या, नाहीतर बुरशी धरते. आणि पानं चिकट लागली किंवा मुंग्या चढताना दिसल्या तर लगेच पान उलटून शिरेजवळ बघा. तिथे खवले कीड बसलेली असते. थोडी असताना ओल्या फडक्याने पुसून निघते. पसरली की मागोमाग काजळी (पानावरची काळी बुरशी) येते.