चांदोद ते शिनोर होडीने, आणि डब्यातला धुरावलेला बांगडा

‘प्रवाहाबरोबरच जायचंय ना, मग वल्हं मारायचं कामच नाही’ असं चांदोदच्या घाटावर कोणी सांगितलं तर मान हलवा आणि विसरून जा. इथे नर्मदा पश्चिमेकडे वाहते. मार्च लागला की साडेदहानंतर वाराही पश्चिमेकडूनच येतो, थेट तोंडावर. वरच्या सरदार सरोवर धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर पात्राला धार अशी नसतेच. फुगवायची होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेला फुगा. वल्हं थांबलं की ती मुकाट्याने मागे ओरसंग-नर्मदेच्या संगमाकडे निघते.

वडोदऱ्याहून डभोईमार्गे चांदोद पन्नासेक किलोमीटर. रस्त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरा त्रास संगमाच्या खाली. ओरसंगने आणलेली वाळू पसरलेली, वर पाणी जेमतेम वीतभर. होडीच्या बुडाची फिन, म्हणजे होडी सरळ ठेवणारं पातं, वाळूत रुतते. ती काढली की वाऱ्यात होडी भिंगरीसारखी फिरते. उथळ पाण्याची बुटकी फिन मिळते, ती घरून निघतानाच लावा. नसेल तर फिन काढा आणि जड सामान पुढच्या टोकाला सरकवा. नाक जड झालं की तोंड वाऱ्याकडे टिकतं. सामान मागे ठेवलं तर दर चार वल्ह्यांनी होडी आडवी, आणि खांदे शिनोरच्या आधीच संपतात.

उतरून ओढायची वेळ येतेच. वाळूचा कडा एकदम तुटतो: ढोपरभर पाणी, आणि पुढचं पाऊल डोक्यावरून. समोरच्या पोइचाला मे 2024 मध्ये अंघोळीला उतरलेली माणसं बुडाली. आधी वल्हं टोचायचं, मग पाय. लाइफ जाकीट चालतानाही अंगावर. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये सहलीची नाव उलटून शाळकरी मुलं बुडाली, त्यानंतर वडोदरेकरांना हे सांगायची गरज नसावी, पण घाटावर अजूनही जाकिटं उशाला घेतलेली दिसतात. मगरी आहेत, म्हणून झुडपांच्या काठाला चिकटून जाऊ नका आणि संध्याकाळी पाण्यात उतरू नका. थांबलात तर होडी चांगली वर ओढा, पाणी वाढायला वेळ लागत नाही.

थकलात की ओढून न्यायला नाववाला हजर. दर ‘नावेचा’ ठरतो आणि काठाला लागल्यावर ‘माणशी’ होतो. दोरी बांधण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने वदवून घ्या: आख्ख्या नावेचे, सामानासकट, कुठपर्यंत. पहाटे सहाला पाण्यात उतरता येत नसेल तर ही फेरी करूच नका.

आता डबा. दुसरी थाप ही की धुरी दिलेला मासा सुकटीसारखा टिकतो. टिकत नाही. सुकटीतलं पाणी गेलेलं असतं, याच्यात ते बरंचसं शिल्लक असतं. त्यामुळे बर्फाच्या पेटीतच न्यायचा, आणि पेटी चांदोदच्या घाटावर उघडायची नाही. पिंडदानाची जागा आहे, थोडी लाज बाळगावी. वाळूच्या बेटावर खा, काटे-डोकी परत आणा. पाण्यात टाकलंत तर मगरीला आमंत्रण.

बांगडा वडोदऱ्यात बर्फातूनच येतो, पण बाजारात तो बर्फाबाहेर किती वेळ होता ते बघा. शिळ्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून किंवा धुरी देऊन जात नाही. तोंड चुरचुरतं, अंग लाल होतं. कल्ले लालभडक, डोळा फुगीर, नाहीतर घेऊच नका. किलोला किलोभर बर्फ घालून घरी आणा.

पोट साफ करा, डोकं राहू द्या. लिटरभर पाण्यात 80 ग्रॅम मीठ, 30 ग्रॅम गूळ. दोन तास फ्रिजमध्ये. धुऊन, टिपून रात्रभर फ्रिजमध्येच उघडे ठेवा. कातडी बोटाला किंचित चिकट लागली पाहिजे. ओल्या माशावर धूर बसत नाही, काजळीचं पाणी होऊन ओघळतो आणि मासा कडवट होतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

तेलाचा 15 किलोचा डबा घ्या, वरचा पत्रा आणि बूड कापा, आधी रिकामाच अर्धा तास तापवून रंग आणि तेल जाळून टाका. तीन विटांवर उभा, खाली घमेल्यात निखारे. स्टीलची सळई डोळ्यांतून ओवून चार बांगडे टांगा. शेपटीने टांगले तर शिजल्यावर मांस निसटून घमेल्यात. जस्ताचा मुलामा दिलेली तार नको. आंब्याच्या सुक्या लाकडाच्या ढलप्या दोन मुठी. कडुनिंब नको, प्लायवूडचा भुसा तर मुळीच नको. वर ओलं गोणपाट.

पहिला अर्धा तास मंद, डब्यात 50-60 अंश. मग निखारे वाढवून 80-90. घाई केली तर कातडी फाटते, चरबी गळते आणि मांसावर पांढरी साय येते. डोक्यामागच्या जाड भागात थर्मामीटर खुपसा: 63 अंश, आणि तिथे अर्धा तास. रंग सोनेरी झाला म्हणून काढू नका, रंग आधी येतो. गार झाल्यावर फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवा.

हे सगळं गच्चीवर, आणि शेजारच्या काकूंचे पापड वाळत असतील त्या दिवशी नाही.