फोटोकॉपीचा अर्ज आणि गणपतीची सुट्टी

फिजिकल केमिस्ट्रीत मला ७५ पैकी २१ पडले. पास व्हायला ३० लागतात. बाकीच्या पेपरांत पन्नासच्या पुढे आणि इथे २१. घरात कुणी रागावलंसुद्धा नाही. आई म्हणाली, "जाऊदे गो, परत दे परीक्षा." तेच जास्त झोंबलं. मी पुरवणी घेतली होती, चौथ्या प्रश्नाची गणितं तिच्यातच सोडवली होती आणि बाहेर पडल्यावर कट्ट्यावर मैत्रिणींशी उत्तरं जुळवून पाहिली होती. २१ पडणं शक्यच नव्हतं.

आता ज्युनिअर मुली विचारतात, "ताई, रीव्हॅल (पुनर्मूल्यांकन) टाकू का?" मी सांगते, टाक, पण आधी कॉलेजच्या ऑफिसकडे लक्ष ठेव. पेपर तपासणारा परीक्षक आपल्याला कधी दिसत नाही. आपली खरी गाठ पडते ती खिडकीशी.

आमच्या परिपत्रकातला क्रम असा होता. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागायची. ती हातात आली की ठरलेल्या मुदतीत गुणपडताळणीचा नाहीतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांनाही माहीत नसतं. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक पेपर नव्याने तपासतो. फोटोकॉपीचा अर्ज मोबाईलवरून भरला, फी यूपीआयने गेली, दहा मिनिटांचं काम. फी राखीव प्रवर्गाला कमी असू शकते, ते भरण्याआधी विचारून घ्या.

मग स्टेटस आलं: 'महाविद्यालय स्तरावर प्रलंबित'. आणि ते तिथेच राहिलं.

आमच्याकडे ऑनलाइन अर्ज विद्यार्थ्याने भरला तरी तो थेट विद्यापीठात जात नाही. कॉलेजने आपल्या लॉगिनमधून तो फॉरवर्ड करायचा असतो आणि त्यालाही शेवटची तारीख असते. ही तारीख परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर, खाली बारीक अक्षरात होती. पहिल्यांदा गेले तेव्हा ऑफिसातले सर म्हणाले, "साइट स्लो आहे, उद्या बघतो." पुढच्या वेळी म्हणाले, "सगळ्यांचे एकदम करणार आहे." सगळे म्हणजे कोण, तर मी आणि बीकॉमचा एक मुलगा. त्याने वैतागून नाद सोडला होता.

मी पूर्णगडच्या बाजूची. पावस करत एसटीने भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत यायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर फीपेक्षा बसभाडंच जास्त झालं असतं. त्यात गणपती तोंडावर आले. मुंबईहून चाकरमानी यायला लागले, गाड्या तुडुंब, आमच्याकडची एखादी फेरी न सांगता रद्द. कशीबशी पोचले तर ऑफिसात फक्त शिपाईकाका, मूळचे कुडाळकडचे. म्हणाले, "साहेब गणपतीक गेले गो. आता गौरी गेल्याशिवाय येवचे नाय."

दुसऱ्या कुणाला तरी फॉरवर्ड करता येईल ना? नाही. पासवर्ड सरांच्या डायरीत, डायरी कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांबरोबर गावाला. मला हसू यायला हवं होतं, पण शेवटची तारीख नेमकी त्या सुट्टीत होती. आमच्याकडेही गणपती पाच दिवसांचा. घरात गणपतीच्या वर माटी बांधायची गडबड आणि मी कोपऱ्यात मोबाईलवर स्टेटस बघतेय. बाबा म्हणाले, "आरतीला तरी तो ठेव." ठेवला. आरती झाल्यावर पुन्हा पाहिलं. प्रलंबित.

सुट्टी संपल्यावर सर आले, प्रसाद म्हणून करंज्याही घेऊन आले आणि सांगितलं, "मुदत गेली. आता विद्यापीठालाच विचार." विद्यापीठाला फोन लावला तर उत्तर, "कॉलेजने फॉरवर्डच केला नाही तर आम्ही काय करणार?" म्हणजे पैसे घेतलेत, अर्ज वेळेत भरलाय, आणि चूक कुणाचीच नाही!

तेव्हा मी प्राचार्यांच्या नावे साधं एका पानाचं पत्र लिहिलं. आसन क्रमांक, पीआरएन (कायमचा नोंदणी क्रमांक), विषयाचा कोड, पैसे भरल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक, स्टेटसचा स्क्रीनशॉट. मागणी एकच ठेवली: उशीर महाविद्यालय स्तरावर झाला आहे, असं लिहून अर्ज पुढे पाठवावा. पत्रात राग अजिबात काढू नका. राग काढला की समोरच्याला पत्र बाजूला ठेवायला निमित्त मिळतं. पत्राच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर पत्र मिळाल्याचा शिक्का आणि आवक क्रमांक मागितला. सर म्हणाले, "ऑनलाइन आहे ना सगळं, शिक्का कशाला?"

शिक्का कशाला, तर उद्या तुम्ही 'असं पत्र आलंच नाही' म्हणाल म्हणून. हे तोंडावर बोलता येत नाही. मी तिथून निघाले, पोस्टात गेले आणि ज्या ऑफिसातून आले त्याच ऑफिसला तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवलं. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचून माझ्याकडे वर पाहिलं. आलेल्या टपालाची नोंद आवक रजिस्टरला करावीच लागते, तिथे कुणाला 'शिक्का कशाला' म्हणता येत नाही.

सोबत माहिती अधिकाराचा अर्जही पाठवला. आमचं कॉलेज अनुदानित, त्यामुळे त्याला हा कायदा लागू. महाराष्ट्रात 'जोडपत्र अ' नमुन्यात लिहायचं, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मी विचारलं: माझा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला कोणत्या तारखेला आला, तो फॉरवर्ड करण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या कर्मचाऱ्याची आणि त्याने त्यावर काय केलं. उत्तराला ३० दिवस असतात. न आल्यास किंवा पटलं नाही तर 'जोडपत्र ब'वर पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. माझ्यावर अपिलाची वेळ आलीच नाही. पत्र पोचल्यावर लगेच फोन आला, "बाळा, एवढं कशाला केलंस, सांगितलं असतंस तर…"

"सांगितलंच होतं ना, सर." एवढंच म्हणाले. आजही तो फोन आठवला की बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

प्राचार्य मॅडम मात्र सरळ निघाल्या. समोर बसवून सगळं वाचलं, त्याच दिवशी विद्यापीठाला पत्र केलं आणि अर्ज उशिराने का होईना स्वीकारला गेला. वाटलं, आधीच त्यांच्याकडे जायला हवं होतं. पण त्या खिडकीवरचे सर 'मॅडम बिझी आहेत' म्हणत आणि आपण ऐकत राहतो.

एक राहिलं. विद्यापीठाने फोटोकॉपीच नाकारली तर सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०११ चा सीबीएसईच्या प्रकरणातला निकाल लक्षात ठेवा. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ती विद्यार्थ्याला बघायला मिळायला हवी, असं त्यात ठरलं. परीक्षकाचं नाव मात्र मिळणार नाही. आणि या निकालाच्या जोरावर पेपर पुन्हा तपासून मागता येत नाही. त्यासाठी विद्यापीठाचेच नियम.

फोटोकॉपी पीडीएफमध्ये आली. सगळ्यात आधी पानं मोजा. पहिल्या पानावर किती पुरवण्या जोडल्या ते लिहिलेलं असतं, तेवढ्या स्कॅनमध्ये आहेत का पाहा. माझी पुरवणी होती, शेवटी, स्वच्छ. म्हणजे त्यावर लाल खूण एकही नव्हती. गुणांच्या तक्त्यात चौथ्या प्रश्नासमोर शून्यसुद्धा नव्हतं, नुसती रिकामी चौकट. मी केमिस्ट्रीच्या मॅडमना दाखवलं. त्यांनी गणितं बघून उत्तरं बरोबर असल्याचं सांगितलं आणि पुढच्या अर्जात 'पुरवणी, पान अमुक, प्रश्न ४ अतपासित' असं नेमकं लिहायला लावलं. 'मला कमी गुण मिळाले' असं मोघम लिहिलं तर कुणी काही शोधत बसत नाही.

निकाल बदलला. २१ चे ३४ झाले. त्यात काही सांगण्यासारखं नाही, एक दिवस साइटवर दिसलं आणि आईने शेजारी पेढे वाटले.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, नाही पटला तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील. तिथे नुसतं 'पेपर परत तपासा' चालत नाही, ठोस गैरप्रकार किंवा भेदभाव दाखवावा लागतो. अर्ज दाबून ठेवणं, निकाल अडवणं, कागद न देणं, असल्या गोष्टींसाठी समितीकडे जरूर जा. वर्ष गेलेल्या किंवा नाव कमी केलेल्या मुलांनी तर आधी तो आदेश लेखी मागावा. 'तुला घेता येत नाही' हे तोंडी सांगितलेलं अपिलात चालत नाही.

नवी मार्कशीट घ्यायला गेले तेव्हा तेच सर होते. जुनी परत द्यावी लागते, ती मी दिली. देण्याआधी तिची झेरॉक्स काढून ठेवली होती, तुम्हीही काढा. नवीन मार्कशीट घेतल्याची रजिस्टरला सही केली, आणि सरांनी न मागता माझ्या झेरॉक्सवर शिक्का मारून दिला.